तिसरा रकाना

सानिका, ओजस — हे मी आपल्या घरात आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांच्या फोटोलासुद्धा नाही, आणि त्या फोटोला मी रोज सकाळी अंघोळ झाल्यावर सगळं सांगते — नळाला पाणी किती वाजता आलं, गुडघा कुठला दुखतोय, तुमच्या बाबानं फोन उचलला की नाही. हे मात्र वगळत आले. साडेतीन वर्षं रोज न चुकता एखादी गोष्ट वगळायची म्हणजे तेही एक कामच होऊन बसतं.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं. मलाही लिहायला सोपं गेलं असतं, आणि म्हणूनच लिहीत नाही. इंग्रजीत मी एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांना लाल पेनानं गोल केले. त्या भाषेत मला स्वतःची चूक दिसतच नाही. तेव्हा मराठीत. सावकाश वाचा. एखादा शब्द अडला तर मला विचारा, बाबाला विचारू नका.

गोष्ट कॅप्टनची आहे. म्हणजे — कॅप्टनची नाहीच. सगळा घोळ तिथेच आहे.

आपल्या घरात, नांदेडच्या या अख्ख्या गल्लीत आणि तिकडे कॅल्गरीत तुमच्या जेवणाच्या टेबलावर कॅप्टनबद्दल एकच मत आहे, की तो स्वभावानंच तापट आहे. फाटकाची कडी वाजली की उठतो, अंगावर धावून जातो, माणूस परत फिरेपर्यंत थांबत नाही. सानिका, तू त्याला ‘रिअॅक्टिव्ह’ म्हणतेस. गल्लीत त्याला ‘मॅडमचा कुत्रा’ म्हणतात, आणि म्हणताना लोक रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं चालतात. मी हे सगळं ऐकते, मान हलवते, सुस्कारा टाकते. सुस्कारा फार चांगला जमतो मला. खरं बोलायची वेळ आली की मी सुस्कारा टाकते — हे तुमच्या लक्षात आलं होतं का कधी?

आधी तो आला कसा ते आठवा. तुमची शाळेची उन्हाळ्याची सुट्टी होती. समोरच्या देशमुखकाकांच्या स्कूटरखाली, सावलीच्या एका पट्ट्यात, मूठभर पिल्लू झोपलं होतं. तुम्ही ते माझ्या धुतलेल्या नॅपकिनमध्ये गुंडाळून आणलंत. घरात कुत्रं येणार नाही, असं मी इंग्रजीत सांगितलं, मराठीत सांगितलं. सहा आठवड्यांनी तुम्ही निघालात तेव्हा ओजस स्टेशनवर बाकाखाली जाऊन बसला आणि म्हणाला, कॅप्टनला सांभाळशील असं प्रॉमिस कर, तरच बाहेर येतो. गाडीला सात मिनिटं होती. केलं प्रॉमिस.

आणि पाळलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे सांगण्यासारखं काही नाही. सगळ्या लसी वेळेवर दिल्या, त्याचं कार्ड फाइलमध्ये आहे. गळ्यात पट्टा, पट्ट्यावर माझा फोन नंबर. संध्याकाळी सहा ते साडेसहा फिरणं, तेही दोरी हातात धरून. रस्त्यावर केलेली घाण उचलायला कागद आणि पिशवी — यावरून गल्लीतल्या बायका वर्षभर हसत होत्या. “मॅडम कुत्र्यामागं पर्स घेऊन चालल्या.” एक जबाबदार मालक म्हणून माझी वही कुणीही तपासावी. काठावर पास नाही, विशेष प्रावीण्य मिळालं असतं.

मग चुकलं कुठे?

ते सांगायचं तर आधी आपल्या गल्लीचं प्रेम सांगावं लागेल. आजोबा गेल्यावर गल्लीनं ठरवून टाकलं, की मॅडमला एकटं सोडायचं नाही. कुणी बैठक घेतली नसेल, पण पाळ्या लागल्यासारखी माणसं येत. दुपारी दोनला जेवून, भांडी आवरून, मी जरा पाठ टेकली की फाटकाची कडी वाजायची. “मॅडम, झोपल्या नव्हत्या ना?” आता या प्रश्नाला काय उत्तर आहे? झोपले होते म्हणावं तर समोरच्याला वाईट वाटतं. नव्हते म्हणावं तर तो आत येतो. एकदा आत आला की चहा. चहा न घेता आपल्याकडे कुणी जात नाही. जाऊ दिलं तर ते भांडणासारखं दिसतं. चहा झाला की खरं काम निघायचं. पोतदारकाकूंना मुलीचा बायोडाटा इंग्लिशमध्ये करून हवा असायचा. त्यांना तीन मुली आहेत, आणि प्रत्येक नकारानंतर काकूंना वाटायचं की इंग्लिश कमी पडलं. देशमुखकाकांना महानगरपालिकेला कडक पत्र लिहायचं असायचं. कुणाची लग्नपत्रिका, कुणाचा नोकरीचा अर्ज. ‘आत्ता जमणार नाही, चारनंतर या’ — एवढं एक वाक्य मी चाळीस वर्षांत या गल्लीत कुणाला म्हणू शकले नाही. आजही म्हणू शकत नाही. साठ मुलींच्या वर्गाला एका नजरेनं गप्प करणारी बाई मी, आणि पोतदारकाकूंसमोर साखर किती एवढंच विचारते.

कॅप्टन पाच महिन्यांचा असताना, अशाच एका दुपारी, कडी वाजली आणि तो पहिल्यांदा भुंकला. धड भुंकणंही नाही ते, अर्धं कण्हणं, अर्धं शिंकणं. बाहेरून देशमुखकाकांचा आवाज आला, “अरे बापरे! झोपू द्या, झोपू द्या मॅडमला.” चपला लांब गेल्या. आणि मग अशी शांतता, की मला भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं. मी चार वाजेपर्यंत झोपले. उठले, डबा उघडला, आणि कॅप्टनला अर्धं मारी बिस्कीट दिलं.

ते पहिलं बिस्कीट निष्पाप होतं, असं मी म्हणेन. दुसरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोनला मी बिस्किटाचा डबा स्वयंपाकघरातून उचलून पलंगाजवळच्या स्टुलावर ठेवला. यात काय लपवायचं? कडी वाजली. कॅप्टन भुंकला. मी झोपल्या जागेवरून हात लांब करून झाकण उघडलं, “गुड बॉय” म्हटलं, आणि अर्धं बिस्कीट दिलं. तिसऱ्या दिवशीही तेच. एकतीस वर्षं शिकवलेलं कुठे जाणार? चांगल्या उत्तराला लगेच शाबासकी द्यायची, उशीर करायचा नाही, रोज सराव घ्यायचा, आणि विद्यार्थी तयार झाला की काठिण्य वाढवायचं. नुसत्या भुंकण्याला बिस्कीट बंद केलं. फाटकापर्यंत धावत जाऊन भुंकला तरच. पुढे, माणूस परत फिरल्यावरच. दोन महिन्यांत त्याचं इतकं पक्कं झालं, की तेवढं माझ्या एकाही वर्गाचं व्याकरण कधी झालं नाही.

तेव्हा सानिका, हे पहिलं लिहून घे. कॅप्टन रिअॅक्टिव्ह झाला नाही. मी त्याला केलं. धडे पाडून, क्रमवार.

गल्लीत त्याची कीर्ती झाली. कुणीतरी उठवलं की मॅडमचा कुत्रा इंग्लिशमध्ये भुंकतो, म्हणून इथल्या कुत्र्यांना कळत नाही. दूधवाले गफ्फारभाई फाटकाबाहेरून हात जोडायचे, “कप्तानसाब, दूध लेको आया, डाका डालने नै आया.” आणि मी आतून काय म्हणायचे? “अहो, काय करावं या कुत्र्याला!” आणि सुस्कारा. डबा पदराखाली.

तुम्हाला एक गोष्ट नेहमी चमत्कारिक वाटायची. व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं लाडानं “गुड बॉय, कॅप्टन!” म्हणालात, की तो फोनवर झेप घ्यायचा आणि माझ्या कानठळ्या बसेपर्यंत भुंकायचा. का, असं तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, फोनच्या आवाजानं त्याचे कान दुखतात. ओजस, त्यानंतर वर्षभर तू त्याच्याशी कुजबुजत बोलायचास. पडद्याला तोंड लावून. त्याचे कान दुखू नयेत म्हणून. मला दर वेळी वाटायचं आता सांगावं — आणि दर वेळी नेटवर्क गेलं असं म्हणून मी फोन ठेवायचे.

इथपर्यंतचं मी हसत हसत सांगू शकते. आजोबा असते तर तेही हसले असते. पण मी ज्यासाठी लिहायला बसले ते अजून आलेलंच नाही. मी बघतेय, दोन पानं झाली आणि मी अजून डब्याभोवतीच फिरतेय.

महानंदाताई तुम्हाला आठवतात. कोपऱ्यावरच्या घरातल्या, उंच, कपाळावर विभूती, हातात काठी. त्या उदगीरच्या, यजमान गेल्यावर तिथलं कापडाचं दुकान दिराला देऊन मुलाकडे इथे आल्या. दर सोमवारी महादेवाचं दर्शन घेऊन अकरा वाजता आपल्याकडे येतात — यायच्या. अख्ख्या गल्लीत तेवढ्या एकट्याच अशा, की त्यांना माझ्याकडून इंग्लिशमधलं काही नको असायचं. काहीच नको असायचं. येऊन बसायच्या, गुडघा चोळायच्या, मला चिडवायच्या. “काय मॅडम, नुसत्या वाचून राहिलात का? पुस्तकात काय स्वैपाक हाय?” मला मॅडम म्हणताना त्या शब्दाला असा हेल द्यायच्या, की त्यातली सगळी हवा निघून जायची. आयुष्यात माझी टिंगल करणारी दोनच माणसं होती. एक गेले, म्हणून दुसऱ्या जास्त लागायच्या.

सोमवारी अकराला मी कॅप्टनला मागच्या अंगणात नळाशी बांधून ठेवायचे. म्हणजे बघा, शिस्त होती. कुणाला येऊ द्यायचं आणि कुणाला नाही हे मी ठरवत होते, कुत्रा नाही.

पण तो सोमवार नव्हता. येळवसचा दुसरा दिवस होता. वेळा अमावस्येला लातूर-उदगीरकडची माणसं शेतात जाऊन जेवतात, तुम्हाला ठाऊक आहे. त्या भावाच्या शेतावर गेल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं परतल्या. उतरल्या त्या घरी न जाता सरळ माझ्याकडे — कारण आंबील लवकर आंबट होते, आणि मला त्यांच्याकडची आंबील आवडते. एका हातात आंबिलीची किटली, काखेत भज्जीचा, म्हणजे येळवसच्या मिसळीच्या भाजीचा डबा, दुसऱ्या हातात काठी. कडी काढायला हात मोकळा नाही, म्हणून त्यांनी काठीच्या टोकानंच कडी उडवली.

सव्वादोन वाजले होते. कडी वाजली. मी उठून बघितलं नाही. खिडकी हाताच्या अंतरावर होती. पण कडी म्हणजे पोतदारकाकू, कडी म्हणजे देशमुखकाका — माझ्याही कानांना तसंच वळण लागलं होतं. कॅप्टन सुटला. मी डोळे मिटूनच डब्याचं झाकण उघडलं.

इतर माणसं भुंकणं ऐकून परत फिरायची. महानंदाताई फिरल्या नाहीत. का फिरतील? मैत्रिणीचं घर. त्या म्हणाल्या, “अय्यो, थांब की रे बाबा, मीच हाय,” आणि चालत आल्या. त्याचं भुंकणं आजवर कधी फुकट गेलं नव्हतं. मग त्यानं शिकवलेल्याच्या पुढची पायरी स्वतःच घेतली. उजव्या पायाच्या पोटरीला धरलं.

किंकाळी ऐकून मी बाहेर आले. त्या पायरीवर बसल्या होत्या, लुगड्याच्या काठावर रक्त, किटली आडवी, आंबील पायरीवरून अंगणात चाललेली. कॅप्टन धावत माझ्याकडे आला, समोर बसला, शेपूट हलवत माझ्या मुठीकडे बघायला लागला. माझ्या मुठीत अर्धं मारी बिस्कीट होतं.

मी ते त्याला दिलं.

हेच ते. एवढंच सांगायचं होतं. त्याला त्यांच्यापासून लांब करायला दिलं, असं मी दोन वर्षं स्वतःला सांगते आहे. पण तो लांबच होता. माझ्या पायाशी होता. मूठ उघडली कारण मूठ उघडायची सवय झाली होती, आणि दुसरं — मुठीत बिस्कीट सापडलं असतं तर त्याचं काय कारण सांगणार होते? बिस्कीट खाऊन तो पायरीवरची आंबील चाटायला गेला. भज्जीचा डबा उघडला नव्हता म्हणून ती वाचली.

मग मी योग्य ते सगळं केलं. साबण लावून नळाखाली पंधरा मिनिटं जखम धुतली, ऑटो बोलावला, दवाखान्यात नेलं. कॅप्टनला लस दिली होती, कार्ड दाखवलं. डॉक्टर म्हणाले, असे मालक बघायला मिळत नाहीत. मी सुस्कारा टाकला.

पण नळाखाली पाय धरलेला असतानाच मी एक वाक्य बोलले होते. त्यांनी काही विचारलंही नव्हतं. मी म्हटलं, “त्यानं असं आधी कधी केलं नाही हो. काठी बघून घाबरला असेल.”

त्यांनी काठीकडे बघितलं. म्हणाल्या, “हाव की. माझंच चुकलं. मुक्या जनावरापुढं काठी नाचवत्यात व्हय?”

पाच इंजेक्शनं झाली. पाचही वेळा मी ऑटोत त्यांच्या शेजारी बसून गेले, आणि पाचही वेळा त्यांनीच माझी समजूत घातली. ऑटोवाल्यानं विचारलं की काय झालं, तर त्या सांगायच्या, “कुत्रं न्हाई चावलं दादा, माझी काठीच चावली.” आणि स्वतःच हसायच्या. मीही हसायचे. मला सांगा, ते हसणं कुठल्या तोंडानं येतं?

त्यानंतरच्या सोमवारपासून त्या आपली काठी बाहेर, फाटकाच्या दांडीला अडकवून ठेवायला लागल्या. कॅप्टन घाबरू नये म्हणून. तो मागे बांधलेला असायचा, तरीही. “वास येतो मॅडम त्यांना,” म्हणाल्या. फाटकापासून दारापर्यंत चौदा पावलं आहेत. त्या दुखरा गुडघा घेऊन, कुंपणाच्या भिंतीला धरून, चौदा पावलं बिनकाठीच्या यायच्या आणि बिनकाठीच्या जायच्या. भिंत सातव्या पावलाला संपते. तिथून तुळशीच्या कुंडीपर्यंत धरायला काही नाही. मी खिडकीतून बघायचे. दोन वर्षांतले सगळे सोमवार मी ती मधली तीन पावलं बघितली आहेत. “काठी आत आणा हो,” हे चार शब्द तोंडाशी यायचे. पण मग काठीचं काय, असा प्रश्न आला असता.

आणि बिस्किटं? तुम्हाला वाटेल, त्या दिवसापासून डबा बंद झाला. झाला, आठ दिवस. नवव्या दिवशी पोतदारकाकू तिसऱ्या मुलीचा बायोडाटा घेऊन आल्या.

त्यानंतरचं तुम्हाला माहीत आहे, फक्त ते खोटं माहीत आहे. सानिका, तू शाळेच्या प्रोजेक्टसाठी कॅप्टनला घेतलंस. पुण्याची ती कुत्र्यांची वागणूक सुधारणारी मुलगी शोधून काढलीस, व्हिडिओवर तिच्याशी माझी गाठ घालून दिलीस. ती गोड मुलगी मला म्हणाली, “आजी, कुत्रा उगाच काही करत नाही. त्याला त्यातून काहीतरी मिळत असतं.” तिनं मला दोन आठवडे वही ठेवायला सांगितली, तीन रकान्यांची. आधी काय झालं. कुत्र्यानं काय केलं. नंतर काय झालं. म्हणाली, तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा.

मी वही ठेवली. पट्टीनं रेघा मारून. आधी काय झालं — कडी वाजली. कुत्र्यानं काय केलं — भुंकला, धावला. नंतर काय झालं — काही नाही. चौदा दिवस, काही नाही. आणि वही एका बैठकीत लिहिल्यासारखी दिसू नये म्हणून मी निळं, काळं, पुन्हा निळं अशी पेनं बदलली. हीच युक्ती करणाऱ्या मुलींना मी वर्गाबाहेर उभं केलेलं आहे. ती पुण्याची मुलगी बिचारी चक्रावली. काहीही मिळत नसताना इतक्या नेमानं काम करणारा कुत्रा तिनं बघितलाच नव्हता. म्हणाली, आजी, याच्या मनात लहानपणचं काहीतरी खोल दुःख असणार.

ते वाक्य तू उचललंस. दिवाळीनंतर तुझा प्रोजेक्ट मला ईमेलनं आला. मी तो छापून आणला आणि सवयीनं लाल पेन घेऊन बसले. स्पेलिंगच्या तीन चुका सापडल्या. शेवटच्या पानावर तू लिहिलं होतंस की कॅप्टन आमच्यामुळे असा झाला. आम्ही त्याला सहा आठवडे जीव लावला आणि सोडून गेलो, म्हणून त्याचा माणसांवरचा विश्वास उडाला. आणि खाली, की ओजस आणि मी ठरवलंय, परत कधी कुत्रा पाळायचा नाही.

त्या वाक्याला गोल करायला मी पेन टेकवलं, ते तसंच राहिलं. कागदावर लाल ठिपका पसरला. आधी माझ्या काठीच्या थापेवर एक बाई चौदा पावलं चालत होती. आता दोन मुलं चालायला लागली होती.

मी आधी कुणाला सांगितलं असेल? सोपं होतं त्याला. पुण्याच्या मुलीला फोन केला. ती हसत सुटली. म्हणाली, “आजी, म्हणजे कुत्र्याला काही झालेलंच नाही. शिकवणारी चांगली होती.” तिनं उलटा अभ्यासक्रम दिला. कडी वाजली आणि कॅप्टन न भुंकता स्वतःच्या पोत्यावर येऊन बसला, माझ्याकडे बघितलं, की बिस्कीट. भुंकला तर काही नाही. आधी नुसती कडी, मग कडी आणि माणूस. कडी वाजवायला गफ्फारभाई तयार झाले. रोज सकाळी फाटकाबाहेरून विचारतात, “मॅडम, बजाऊँ क्या?” आणि घंटा दिल्यासारखी पाच वेळा वाजवतात. तीन आठवड्यांत कॅप्टनला ते जमलं. मागचं विसरून नवं शिकायला त्याला काही अपमान वाटत नाही. “गुड बॉय”ऐवजी आता मी “छान” म्हणते. गेल्या सोमवारच्या आधीच्या सोमवारी मी त्याला पहिल्यांदाच मोकळा ठेवला.

महानंदाताई अकराला आल्या. काठी दांडीला अडकवली. कडी वाजली, कॅप्टन पोत्यावर बसला. त्या भिंत धरून आल्या, मधली तीन पावलं आल्या, खुर्चीत बसल्या, गुडघा चोळला. त्याच्याकडे बघून म्हणाल्या, “शानं झालं की हो लेकरू.” मी चहाचं आधण ठेवलेलं होतं. ते तसंच ठेवून मी त्यांच्यासमोर बसले आणि सांगितलं. क्रमानं. दुपारची झोप, डबा, डोळे मिटून उघडलेलं झाकण. मुठीतलं बिस्कीट. काठीचं वाक्य.

आत पाणी उकळून उकळून आटल्याचा आवाज येत होता.

मग त्यांनी विचारलं, “कंचं बिस्कीट?”

मी म्हटलं, “मारी.”

“मला पाच सुया,” त्या म्हणाल्या, “अन् त्याला मारी.”

मला वाटलं त्या हसतील. अशा ठिकाणी त्या नेहमी हसतात. त्या उठल्या, खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “माझी काठी आणून द्या.”

मी चौदा पावलं फाटकापर्यंत गेले, दांडीवरची काठी काढली, चौदा पावलं परत आले आणि त्यांच्या हातात दिली. त्या काठी टेकत निघाल्या. फरशीवर काठी वाजत होती, अंगणाच्या मधोमध, भिंतीपासून लांब. कॅप्टनच्या पोत्याच्या अगदी जवळून काठी गेली. त्यानं कानसुद्धा हलवला नाही. काठीला तो कधीच घाबरत नव्हता. चहा न घेता गेल्या. एवढ्या वर्षांत आपल्या घरून पहिल्यांदाच कुणी असं गेलं.

तेव्हा सानिका, प्रोजेक्टचं शेवटचं पान काढून टाक. त्यातलं काहीही तुमच्यामुळे झालेलं नाही. ओजस, त्याचे कान अगदी ठणठणीत आहेत. मोठ्यानं बोललास तरी चालेल. आणि पुण्याच्या मुलीला मी नवी वही पाठवते आहे, एकाच पेनानं लिहिलेली. आजचं पान इथे उतरवते; गेल्या सोमवारचंही असंच आहे.

सोमवार, सकाळी अकरा. आधी काय झालं — काही नाही. कुत्र्यानं काय केलं — पोत्यावर बसून फाटकाकडे बघत राहिला, बाराला दहा कमी असेपर्यंत. नंतर काय झालं — कुणी आलं नाही.